कंटाळवाणे रकाने आधी वाचा: एनबीए ड्राफ्टआधी पोरं कशी पारखायची

एनबीए ही अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडणं. २०१८च्या एनबीए ड्राफ्टमधले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवू. ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅग्ली: ५८ थ्री-पॉइंटर (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारले, २३ बास्केटमध्ये गेले, ३९.७ टक्के. केंटकीचा शे गिल्जस-अलेक्झांडर: ५७ मारले, २३ गेले, ४०.४ टक्के. दोघंही कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून थेट ड्राफ्टमध्ये उतरलेले. बॅग्लीला सॅक्रामेंटो किंग्जने दुसऱ्या क्रमांकावर उचललं. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या संघाचे मालक, तोच हा संघ, आणि तेव्हा युरोपात गाजत असलेला लुका डॉन्चिच अजून शिल्लक होता. शे अकराव्या क्रमांकावर गेला. पुढे त्याच्या खात्यात २०२५चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) हा किताब आणि त्याच वर्षीचं अजिंक्यपद जमा झालं. बॅग्ली संघ बदलत राहिला.

आता थ्री-पॉइंटरच्या शेजारचा रकाना बघा. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक. शे ८१.७ टक्के, बॅग्ली ६२.७ टक्के. निवड चुकण्यामागे बाकीची कारणंही होती, त्यांच्याकडे येऊच. पण ड्राफ्टआधीच्या पारखीत जे नेहमी घडतं ते इथं स्वच्छ दिसतं. गुण, थ्री-पॉइंटरची टक्केवारी, उंच उडी, एखादा गाजलेला सामना, या गोष्टी सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि पुढच्या लीगमध्ये त्याच सगळ्यात कमी टिकतात. फ्री थ्रो, जन्मतारीख, स्टील्स (हिसकावलेले बॉल), हातांची लांबी, बॉल हातात नसताना पायांची हालचाल, यांच्याकडे बघताना जांभई येते. पण सुरुवात तिथूनच करायची.

शूटिंग: छोट्या आकड्यांचा मोह

समजा एखादा पोरगा मुळात ३५ टक्क्यांचा शूटर आहे. त्याने हंगामात १०० थ्री-पॉइंटर मारले, तर निव्वळ नशिबाने त्याचा आकडा २६पासून ४४पर्यंत कुठंही पडू शकतो. गणित शाळेतलंच आहे: ०.३५ गुणिले ०.६५, भागिले १००, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं साधारण ४.८ टक्के, आणि त्याच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरायचं. ५७ शॉटवर हेच अंतर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे ५७ शॉट्सवरून पोरगा २८चा शूटर आहे की ४५चा, हे सांगताच येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकाच पातेल्यात शिजतो म्हणून. इथं शीत आणि भात दोन्ही वेगळे आहेत, कारण अंतरही बदलतं. एनबीएची रेषा मधोमध २३ फूट ९ इंच आणि कोपऱ्यात २२ फूट. कॉलेजची रेषा २०१९-२०च्या हंगामापासून २२ फूट पावणेदोन इंच झाली. त्याआधी ती २० फूट ९ इंच होती. बॅग्ली आणि शे या जुन्या, जवळच्या रेषेवरून मारत होते.

यावर एक घरगुती उपाय आहे. पोराच्या खऱ्या शॉट्समध्ये ३३ टक्के दराने मारलेले २०० काल्पनिक शॉट मिळवायचे आणि टक्केवारी पुन्हा काढायची. शे: २३ अधिक ६६, भागिले २५७, म्हणजे ३४.६. बॅग्ली: ३४.५. मग फ्री थ्रोची दुरुस्ती. ७५ टक्के हा मध्य धरून दर पाच टक्क्यांमागे एक टक्का वर किंवा खाली. शे जातो ३६च्या जवळ, बॅग्ली उतरतो ३२वर. एनबीएमध्ये शे मधल्या तिशीत स्थिरावला आणि बॅग्ली तिसाच्या आसपास राहिला. दोनशे, तेहतीस आणि पाचला एक, हे तिन्ही आकडे सोयीचे आहेत, कुठल्या शास्त्राने ठरवलेले नाहीत. दोनशेच्या जागी दीडशे घेतलेत तरी दोघांची क्रमवारी बदलत नाही.

फ्री थ्रोलाच एवढं वजन का? अंतर ठरलेलं, १५ फूट. अंगावर कुणी नाही, घाई नाही, पास वाईट आला अशी सबब नाही. उरतो तो फक्त हात. शिवाय बॉल घेऊन आत घुसणारा गार्ड (बॉल हाताळणारा बाहेरचा खेळाडू) एका हंगामात थ्री-पॉइंटरपेक्षा कितीतरी जास्त फ्री थ्रो मारतो, त्यामुळे त्या आकड्यात गोंगाट कमी असतो. टायरीस मॅक्सी हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. केंटकीत त्याने ११३ थ्री-पॉइंटरपैकी ३३ घातले, म्हणजे २९.२ टक्के. २०२०च्या ड्राफ्टमध्ये तो एकविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला. फ्री थ्रो ८३.३ टक्के. वरची पद्धत त्याला ३३पर्यंत नेते, त्यापुढे नाही. २०२१-२२मध्ये तो प्रत्यक्षात ४२.७वर पोचला, आणि हे कुठल्याच पद्धतीने आधी सांगितलं नसतं. पण ‘२९ म्हणजे शूटर नाही’ हा निकाल तिने नक्कीच थोपवला असता.

उलट बाजूला लॉन्झो बॉल. यूसीएलए विद्यापीठात थ्री-पॉइंटर ४१.२ टक्के, फ्री थ्रो ६७.३. २०१७मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवड झाली आणि पहिल्या हंगामात थ्री-पॉइंटर ३०.५वर आले, फ्री थ्रो तर ४५.१वर. पुढे त्याने शॉटची ठेवणच बदलली आणि तो चांगला शूटर झाला. म्हणजे फ्री थ्रोचा आकडा हा काही जन्माचा निकाल नसतो.

मार्केल फल्ट्झचं प्रकरण याहून अवघड. २०१७चा पहिला क्रमांक. वॉशिंग्टन विद्यापीठात थ्री-पॉइंटर ४१.३, फ्री थ्रो ६४.९. त्याला मिळवायला फिलाडेल्फियाने बॉस्टनला तिसरा क्रमांक आणि वर पुढची एक पहिल्या फेरीतली निवड दिली. बॉस्टनने त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. फल्ट्झचा शॉट एनबीएत कोसळला, आणि डिसेंबर २०१८मध्ये त्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दबण्याचा विकार, असल्याचं निदान झालं. ६४.९ बघून कुणी शंका घेतली असती तर ती शंका खरी ठरली असती, पण वेगळ्याच कारणाने. असे योगायोग आपल्या पद्धतीच्या जमेला धरायचे नाहीत.

आकडे संपले की शॉट डोळ्यांनी बघा. कोपर जरा बाहेर जातं की नाही यापेक्षा, प्रत्येक वेळी सारखंच बाहेर जातं का, हे महत्त्वाचं. टायरीस हॅलिबर्टनचा शॉट दिसायला विचित्र, छातीजवळून ढकलल्यासारखा, पण दर वेळी तसाच. आयोवा स्टेटमध्ये तो ४२ टक्क्यांच्या घरात होता आणि एनबीएतही शूटर म्हणून टिकला. बारावा क्रमांक, २०२०, आणि निवडणारा संघ पुन्हा सॅक्रामेंटोच. हुकलेल्या शॉट्सची वेगळी नोंद ठेवा. रिंगच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला लागलेले चुकार म्हणजे अंतराचा अंदाज हुकतोय, आणि तो पायांची ताकद वाढली की बराच सुधारतो. डावी-उजवीकडे जाणारे चुकार म्हणजे दिशेचा दोष. हात किंवा खांदा वाकडा चालतोय, आणि ते दुरुस्त व्हायला वर्षं लागतात. बॉल मिळाल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ व्हिडिओच्या फ्रेम मोजून काढता येतो. कॉलेजमध्ये मोकळा वाटणारा सावकाश शॉट एनबीएच्या लांब हातांपुढे मोकळा राहत नाही.

वय महिन्यांत मोजा

अमेरिकन खेळाडूला ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा सुटून एनबीएचा एक हंगाम उलटलेला असावा लागतो. परदेशी खेळाडू २२व्या वर्षी आपोआप ड्राफ्टमध्ये येतो. या चौकटीत बसणाऱ्या पोरांच्या वयांत चार-चार वर्षांचं अंतर असू शकतं, आणि एकाच वर्गातल्या दोघांत सव्वा वर्षाचं. कूपर फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६चा, म्हणजे जून २०२५मध्ये डॅलसने पहिल्या क्रमांकावर घेतला तेव्हा तो साडेअठरा वर्षांचा होता. डेव्हिन बुकर २०१५मध्ये तेराव्या क्रमांकावर गेला तेव्हाही अठराचाच होता, आणि केंटकीत तर तो बेंचवरून यायचा.

म्हणून तुलना इयत्तेशी करू नका, वयाशी करा. ड्राफ्टच्या रात्रीचं वय दशांशात काढा: १८.५, १९.३, २२.४. चौथ्या वर्षाचा खेळाडू २० गुण करत असेल तर १९व्या वर्षी तो काय करत होता ते उघडून बघा. २२ वर्षांच्या शरीराने १९ वर्षांच्या पोरांना रेटून मिळवलेले रिबाउंड पुढे मिळत नाहीत. वयाच्या दाखल्यांच्या गमती आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नकोत. पण इथं दाखला खरा असूनही फसगत होते, कारण आकडे इयत्तेप्रमाणे मांडलेले असतात.

मात्र वयाचा दंड हल्ली संघ फार जड लावतात. जेलन ब्रन्सनने व्हिलनोव्हाला २०१६ आणि २०१८ची दोन अजिंक्यपदं जिंकून देण्यात हात लावला, वर्षाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि तरी ३३वा गेला. डेझमंड बेन चार वर्षं टीसीयू विद्यापीठात थ्री-पॉइंटर ४३ टक्क्यांनी घालत होता. २०२०मध्ये तिसावा. दोघांच्याही बाबतीत तक्रारी त्याच: वय जास्त, उंची किंवा हात कमी. पहिल्या फेरीतल्या करारात दोन वर्षं पक्की आणि पुढची दोन संघाच्या मर्जीवर असतात. म्हणजे स्वस्तातली चार वर्षं. २२ वर्षांचा तयार खेळाडू ती चारही वर्षं कामाला येतो. १९ वर्षांचा कच्चा पोरगा त्यातली दोन शिकण्यात घालवतो, आणि तो उमलतो तेव्हा मोठ्या पगाराची वेळ आलेली असते. विसाव्या क्रमांकानंतर हा हिशेब मांडलाच पाहिजे.

बाकीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. सगळं ४० मिनिटांमागे किंवा १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे बॉल ताब्यात असतानाची एक चढाई) मोजा, नाहीतर कमी मिनिटं मिळणारा पोरगा दिसतच नाही. गुण बघण्याआधी स्टील्स आणि ब्लॉक्स (अडवलेले शॉट) बघा. हात किती चपळ, डोकं किती पुढचं वाचतं आणि अंगात किती वेग आहे, या तिन्ही गोष्टी त्या दोन रकान्यांत एकत्र येतात. बॅग्ली जवळजवळ सात फुटी असून सामन्यामागे एक ब्लॉकही पुरता करत नव्हता, आणि ड्यूकने त्या हंगामात बराच काळ झोन डिफेन्स (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावून आपल्या उंच खेळाडूंना झाकलं होतं. पुढचा धोका खरं तर तिथंच लिहिलेला होता. असिस्ट (बास्केट मिळवून देणारे पास) आणि टर्नओव्हर (गमावलेले बॉल) यांचं गुणोत्तर गार्डसाठी उपयोगी, पण साधे पास देत राहणारा गार्डही त्यात छान दिसतो, म्हणून व्हिडिओशी ताडून घ्या. रिंगजवळचे शॉट किती, डंक किती, ही फोड बार्ट टॉर्विकच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. संघ सिनर्जी नावाची पैसे देऊन घ्यायची सेवा वापरतात. तिथं प्रत्येक पझेशन पिक अँड रोल (साथीदाराच्या आडोशाने केलेली चढाई), स्पॉट-अप (उभ्या जागी बॉल मिळाल्यावर शॉट), पोस्ट-अप (रिंगजवळ तिच्याकडे पाठ करून खेळणं) अशा प्रकारांत लावलेलं असतं. पोस्ट-अपवर उभा असलेला स्कोअरर दिसला की सावध व्हा. एनबीएत तो धंदा जवळजवळ बंद पडलाय.

आणि संघातली भूमिका. जरू हॉलिडे यूसीएलएमध्ये दुसऱ्या गार्डच्या सावलीत खेळला, सामन्यामागे साडेआठ गुण, २००९मध्ये सतरावा. मोठ्या कॉलेजांत एकाच वेळी चार-पाच पोरं एनबीएच्या वाटेवर असतात आणि बॉल एकच असतो. अशा वेळी शाळेतलं मानांकनही थोडं जमेस धरावं. एका हंगामाने ते पुसून टाकायचं नसतं.

व्हिडिओ: बॉल सोडून बाकी सगळं बघा

हायलाइट्स बघून मत बनवू नका, एवढं सगळेच सांगतात. मग बघायचं काय? एका खेळाडूचे निदान सहा पूर्ण सामने, आणि ते नीट निवडून. एक नोव्हेंबरचा, एक फेब्रुवारी-मार्चचा, म्हणजे हंगामात सुधारणा झाली का ते कळतं. दोन सामने एनबीएच्या अंगकाठीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. एक त्याच्या सगळ्यात वाईट आकड्यांचा. एक बाहेरगावचा, चुरशीचा. मार्च महिन्यातल्या स्पर्धेतला गाजलेला सामना शेवटी बघा, कारण तो आधी पाहिलात की बाकीचे सगळे त्याच चष्म्यातून दिसतात.

प्रत्येक सामना दोनदा. पहिल्या वेळी खेळ कसा चाललाय ते बघायचं. दुसऱ्या वेळी डिफेन्समध्ये फक्त त्याच्याकडे डोळे लावायचे, तेही बॉल दुसरीकडे असताना. कागदावर चार रकाने पुरतात. पहिला, मदतीला जाण्याची संधी: समोरचा उंच खेळाडू स्क्रीन (डिफेंडरच्या वाटेत अंगाचा आडोसा) लावून रिंगकडे धावतो तेव्हा दूरच्या बाजूने एक पाऊल आत येऊन त्याला धक्का देणं याचं काम होतं का, आणि ते वेळेवर झालं का. दुसरा, क्लोजआउट: शूटरकडे धावत जाऊन शेवटची दोन-तीन पावलं छोटी टाकतो, की सुसाट जातो आणि एका फसवणुकीत बाजूला पडतो. तिसरा, स्क्रीन: वरून जातो, खालून जातो, की स्क्रीनला धडकून तिथंच मरतो. चौथा, शॉट गेल्यावर: आपल्या माणसाला अंगाने अडवतो की नुसता बॉलकडे बघत राहतो. एका सामन्यात अशा ३०-४० नोंदी सहज होतात, सहा सामन्यांत दोनशेच्या वर. डोळ्यांनी केलेल्या पारखीत एवढा मोठा नमुना दुसरीकडे कुठं मिळत नाही.

उंच खेळाडूंसाठी नोंद निराळी. पिक अँड रोलवर तो मागे पडून थांबतो, पुढे येतो, की अदलाबदल करून गार्डसमोर उभा राहतो? कॉलेजचा प्रशिक्षक यातलं एकच करायला लावत असतो, त्यामुळे बाकीच्या दोन गोष्टी क्वचित दिसतात. दिसतील त्या प्रत्येक पझेशनची वेळ लिहून ठेवा. कंबर वळायला किती वेळ लागतो हे बघा. पायांचा वेग त्यानंतर. प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) समोरचा संघ त्याच्या एकाच कमजोरीवर पुन्हा पुन्हा हल्ला चढवतो, आणि जिचं उत्तर नाही अशी कमजोरी असलेला खेळाडू बेंचवर जातो.

बॉल हातात असताना डाव्या-उजव्या हाताचा हिशेब ठेवा: दोन्ही बाजूंनी आत जातो का, दोन्ही हातांनी पास फेकतो का, उडी एका पायावर घेतो की दोन्ही. एकाच पायावर, एकाच हाताने संपवणारा गार्ड लांब हातांच्या सेंटरपुढे (रिंगजवळच्या सर्वात उंच खेळाडूपुढे) अडतो. इथं नियमांचा फरकही धरायचा. कॉलेजमध्ये डिफेन्सिव्ह थ्री सेकंद (कुणाला न अडवता रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायला बंदी) हा नियम नाही, त्यामुळे उंच खेळाडू रिंगखाली तळ ठोकून बसू शकतो, आणि शूटर कमी असल्याने गर्दी जास्त असते. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, ३० सेकंदांचा, एनबीएत २४. त्या गर्दीतून रोज वाट काढणाऱ्या पोराला एनबीएत अंगण मोकळं मिळतं. शे हा नेमका असा ड्रायव्हर होता. वेग साधाच, पण गती कमी-जास्त करून डिफेंडरला चुकवायचा, आणि ही कला मोकळ्या मैदानावर आणखी फळते.

युरोपातल्या पोरांचा व्हिडिओ वेगळ्या डोळ्यांनी बघायचा. तिथं समोर ३० वर्षांची, कुटुंब पोसणारी माणसं खेळतात. डॉन्चिच १९व्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीगचा एमव्हीपी आणि अंतिम फेरीचाही एमव्हीपी होता. तरी तीन संघांच्या मनात त्याच्या वेगाबद्दल शंका राहिली: फिनिक्स आणि सॅक्रामेंटोने दुसरे घेतले, आणि अटलांटाने त्याला घेऊन डॅलसला देऊन टाकला. उडी बघून तो कमी पडत असेल, पण खेळत असलेल्या लीगचा दर्जा हा स्वतःच एक पुरावा असतो. याच्या उलट टोकाला यानिस अँटेटोकुन्म्पो, ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा, २०१३मध्ये पंधरावा. तिथं आकड्यांना काहीच अर्थ नव्हता. वय १८, अंगकाठी, आणि एवढ्या उंचीवर बॉल घेऊन पळण्याची सहजता, एवढंच हातात होतं. निकोला योकिच २०१४मध्ये ४१वा. बेलग्रेडच्या मेगा संघात तो आणखी एक वर्ष थांबला आणि मगच अमेरिकेत आला. निवड आज करायची, खेळाडू उद्या आणायचा, ही सोय दुसऱ्या फेरीत फार मोलाची.

मोजपट्टी, दवाखाना आणि रिकामं जिम

मे महिन्यात शिकागोला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मोजमापांचं आणि चाचण्यांचं शिबिर, भरतं. अनवाणी उंची, हातांचा पल्ला, हात वर करून उभ्याने पोच, वजन, तळहात. मग उड्या, धावणं आणि शंकू ठेवून केलेली चपळाईची चाचणी. २०२४पासून निमंत्रण आलेल्या खेळाडूला हे टाळता येत नाही, नाहीतर त्या वर्षीच्या ड्राफ्टला मुकावं लागतं. पूर्वी अव्वल खेळाडूंचे एजंट त्यांना दूरच ठेवायचे.

यात सगळ्यात मोलाचा आकडा हातांच्या पल्ल्याचा. सामान्य माणसाचा पल्ला जवळपास उंचीइतकाच असतो. एनबीएत सरासरी चार-पाच इंच जास्त. ड्रेमंड ग्रीन अनवाणी ६ फूट पावणेसहा इंच भरला आणि पल्ला ७ फुटांच्या वर निघाला. २०१२मध्ये ३५वा गेलेला हा गडी पुढे सेंटर म्हणून अजिंक्यपदं जिंकला. म्हणून पल्ला एकटाच पुरतो असं मात्र नाही. रूडी गोबेअरचा पल्ला ७ फूट साडेआठ इंच, तो २०१३मध्ये २७वा. मो बाम्बाचा ७ फूट १० इंच, २०१८मध्ये सहावा. टॅको फॉलचा ८ फुटांहून जास्त, २०१९मध्ये निवडच झाली नाही. तिघांत सर्वात आखूड हात गोबेअरचे आणि सर्वोत्तम कारकीर्दही त्याचीच, कारण त्या हातांखाली वेळेवर हलणारे पाय होते. २००७मध्ये केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांची बार एकदाही उचलता आली नव्हती. त्याचा खेळाशी संबंध काय, असा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

त्या वर्षी ड्युरंटच्या आधी, पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडेन गेला, आणि सप्टेंबरमध्येच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. वैद्यकीय अहवाल बाहेरच्यांना दिसत नाहीत, म्हणून घरबसल्या केलेली कुठलीही क्रमवारी इथं आंधळी असते. जाहीर असतं तेवढं तरी नीट वाचावं: दुखापत कुठल्या भागाची, पुन्हा झाली का, वजनाशी संबंध आहे का. मोठ्या शरीराच्या पायातलं नॅव्हिक्युलर हाड, पाठीची चकती आणि गुडघ्यातली कूर्चा, ही तीन नावं वाचली की थबकायचं. जोएल एंबीडचं नॅव्हिक्युलर मोडलेलं होतं. २०१४मध्ये तिसरा, पहिले दोन हंगाम बाहेर, नंतर एमव्हीपी. मायकेल पोर्टर ज्युनियरच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, २०१८मध्ये तो १४व्यापर्यंत घसरला, पहिला हंगाम पूर्ण बुडाला आणि २०२३मध्ये डेन्व्हरबरोबर अजिंक्यपद जिंकला. धोका असतोच. प्रश्न एवढाच की कुठल्या क्रमांकावर तो पत्करायचा, आणि चौदाव्यावर तो पत्करण्याजोगा होता.

रिकाम्या जिममधल्या खासगी चाचण्यांना फार भाव देऊ नये. समोर डिफेंडर नसताना एनबीएच्या उंबरठ्यावरचा जवळजवळ प्रत्येक जण सुंदर दिसतो. डार्को मिलिचिच २००३मध्ये दुसरा गेला, आणि त्याच्यामागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड ओळीने उभे होते. मुलाखतीत मात्र एक गोष्ट कामाची: पोराला त्याच्याच सामन्याचा व्हिडिओ लावून विचारायचं, इथं तुझं काम काय होतं? दोन सेकंदांत उत्तर देणारा आणि गोंधळणारा, यांच्यातला फरक पुढच्या हंगामात प्रशिक्षकाला रोज दिसतो.

यादी कशी लावायची

१ ते ६० अशी सरळ क्रमवारी लावू नका, थर लावा. पहिल्या थरात दोन असतील, दुसऱ्यात तीन, मग एकदम नऊ. थरांमध्ये मोठी दरी, थराच्या आत नावं जवळजवळ सारखी. संघाची गरज बघायची ती थराच्या आत. गरजेपोटी खालच्या थरातला उचलला की चूक झालीच. नववा क्रमांक तुमचा आणि थरात अजून पाच नावं शिल्लक असतील, तर खाली सरकून वर एखादी निवड पदरात पाडून घ्यायची वेळ तीच.

प्रत्येक नावापुढे दोन ओळी लिहा: हा पहिली १५ मिनिटं कशाच्या जोरावर मिळवेल, आणि कुठल्या कारणाने मैदानाबाहेर बसेल. ‘पुढचा अमुक’ अशी उपमा लिहिणं बंद करा. उपमा नेहमी यशस्वी खेळाडूचीच दिली जाते, आणि त्याच साच्याचे जे फसले त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

सतनाम सिंगच्या नावापुढे या दोन ओळी लिहून बघा. पंजाबच्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच, फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीतून थेट आलेला, २०१५मध्ये डॅलसने ५२वा घेतला. ड्राफ्टमधला पहिला भारतीय. मिनिटं मिळवण्याचं कारण: आकार आणि मऊ हात. बाहेर बसण्याचं कारण: मैदानाच्या मध्यावर येऊन गार्ड अडवता येणार नाही. त्याच जून महिन्यात गोल्डन स्टेट ड्रेमंड ग्रीनला सेंटर खेळवून अजिंक्य झालं होतं. लीग ज्या दिशेला निघाली होती ती नेमकी सतनामच्या विरुद्ध, आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ५२व्या क्रमांकावर तो जुगार खेळायला हरकत नव्हती, दुसऱ्या फेरीत करार पक्का असेलच असं नसतं.

शेवटची गोष्ट यादीच्या लांबीची. निवडी साठच्या आतबाहेर असतात, पण नावं ८०-९० ठेवा. भारतात पहाटे साडेपाचला ड्राफ्ट सुरू होतो. निवडी संपल्या की लगेच फोनाफोनी सुरू होते, कारण प्रत्येक संघाकडे टू-वे कराराच्या (मुख्य संघ आणि दुय्यम लीगमधला संघ, दोन्हीकडे खेळवता येणाऱ्या) तीन जागा असतात आणि न निवडला गेलेला खेळाडू आपला संघ स्वतः निवडू शकतो. ४५व्या क्रमांकावर नको त्या संघात अडकण्यापेक्षा काही एजंट आपल्या खेळाडूचं नाव मुद्दाम पुकारू देत नाहीत. ऑस्टिन रीव्ह्ज २०२१मध्ये याच वाटेने लेकर्सकडे गेला. फ्रेड व्हॅनव्हलीटची २०१६मध्ये निवड झाली नव्हती आणि २०१९मध्ये तो टोरांटोकडून अजिंक्यपद जिंकला. यादीतल्या ६१व्यापासून ९०व्यापर्यंतच्या नावांपुढे ‘कुठल्या संघात याला मिनिटं मिळतील’ असा एक जादा रकाना ठेवा. फोन आला की तोच वाचायला लागतो.